घरघर पुसू नका: जात्यावरच्या ओव्यांच्या १९ कॅसेट, कामाच्या नोंदी

ज्यांच्या घरी अशाच जुन्या कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतेय. मी काही साउंडवाली नाही, अकाउंट्सचं काम करते, हे सगळं शनिवार-रविवार आणि रात्री जेवणं झाल्यावर केलंय.

८ जून २०२५, रविवार

काकांच्या खोलीतली लोखंडी पेटी अखेर उघडली. काका मुळशी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते, १९८६ ते १९९१ मध्ये त्यांनी आजीच्या, आत्याच्या आणि आळीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेप करून ठेवल्या होत्या. घरात सगळ्यांना हे माहीत होतं पण ऐकल्या कुणीच नव्हत्या, कारण टेपरेकॉर्डर बंद पडला तो पडलाच आणि नंतर भंगारात गेला. काकाही आता नाहीत.

पेटीत १९ कॅसेट. १४ साठ मिनिटांच्या, ५ नव्वद मिनिटांच्या, म्हणजे सगळ्या भरलेल्या असतील तर साडेएकवीस तास.

पहिलं काम काय केलं तर कॅसेटच्या वरच्या कडेला ज्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या असतात त्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. हे आधी करा, डेक म्हणजे कॅसेट वाजवायचं मशीन शोधायच्याही आधी. आमच्याकडं ४ नंबरच्या कॅसेटवर काकांच्या अक्षरात 'आई, पहाटेचं दळण' असं लिहिलेलं आहे आणि ते खोडून वर बॉलपेननं 'पिक्चरची गाणी' लिहिलंय. कुणी लिहिलंय ते घरात सगळ्यांना माहितीये, तो तेव्हा नववीत होता, आता त्यावर बोलून उपयोग नाही.

दुसरं काम, प्रत्येक कॅसेटचे दोन्ही बाजूंचे आणि आतल्या कागदाचे फोटो. काकांनी पेन्सिलनं लिहिलंय आणि ते इतकं पुसट झालंय की खिडकीशी तिरकं धरून फोटो काढला तेव्हा कुठं वाचता आलं.

११ जून, बुधवार

ऑफिसमधून हाफ डे घेऊन जुन्या बाजारात गेले. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण रविवारी गर्दीत वस्तू नीट बघू देत नाहीत असा माझा अनुभव. एक डबल कॅसेट डेक १,२०० ला घेतला. विकणाऱ्यानं लाइटवर लावून दाखवला, दिवे लागले, चाकं फिरली, मला वाटलं झालं.

घरी आल्यावर चूक केली. हातात आलेली ७ नंबरची कॅसेट सरळ आत टाकली. चार सेकंद आवाज आला, मग एकदम घोगरा झाला आणि बंद. उघडून बघते तर टेप रोलरभोवती गुंडाळलेली, सोडवताना साधारण हातभर चुरगळली आणि एका जागी तुटली.

त्या रात्री झोप लागली नाही. कुठलाही डेक आणला तरी आधी दहा रुपयांची कुठलीतरी फालतू कॅसेट त्यात अख्खी वाजवून बघा, पुढं आणि मागं दोन्हीकडून, आणि मगच स्वतःची घाला. एवढं साधं आहे आणि मी ते केलं नाही.

१४ जून, शनिवार

डेक उघडला. आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झालेला, पुलीला चिकटलेला. जुन्या डेकचा हा नेहमीचा आजार आहे म्हणे, वापरला नाही तरी बेल्ट वयानंच जातो. स्पिरिट आणि कानकोरण्याच्या काड्या घेऊन दीड तास ती काळी घाण काढत बसले, हाताला लागली तर दोन दिवस जात नाही, हातमोजे घाला.

बेल्टसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फिरले. मॉडेल नंबर सांगून काही मिळत नाही. एका काकांनी सांगितलं ते कामाला आलं: पुलींभोवती दोरा गुंडाळायचा, दोऱ्याची लांबी मोजायची आणि त्यापेक्षा थोडा लहान बेल्ट घ्यायचा म्हणजे ताण राहतो. चौकोनी कापाचा बेल्ट घ्यायचा, गोल नाही. १५० रुपये. पिंच रोलर म्हणजे टेप पुढं ओढणारं जे काळं रबरी चाक असतं ते कडक झालं होतं, ते ३०० ला.

त्याच गल्लीत एका दुरुस्तीवाल्याकडं चांगल्या अवस्थेतला दुसरा डेक होता, सिंगल, त्यानं स्वतः सर्व्हिस केलेला, ३,५०० म्हणाला. घेतला. आधी हाच घेतला असता तर ७ नंबर वाचली असती.

पण पहिला डेक टाकून दिला नाही, पुढं त्याचा फार उपयोग झाला.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामाला, आमच्या भागातले रस्ते बंद, कुठं जाणं-येणं नाही. दिवसभर घरी ७ नंबरचं ऑपरेशन.

तुटलेली टेप जोडायला साधी चिकटपट्टी अजिबात वापरू नका. तिचा गोंद काही दिवसांनी बाहेर पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. स्प्लायसिंग टेप म्हणून वेगळी मिळते, मला ऑनलाइन ४५० ला पडली. कॅसेटच्या टेपची रुंदी ३.८१ मिमी, त्यामुळं कापायचं तिरकं आणि नव्या ब्लेडनं, दोन्ही टोकं एका सरळ खाचेत ठेवून, एकमेकांवर न चढवता टोकाला टोक, आणि पट्टी चमकदार बाजूनं म्हणजे ज्या बाजूला आवाज नसतो त्या बाजूनं लावायची. पहिल्या वेळी उलटी लावली. काढून परत केलं.

चुरगळलेला भाग कापून टाकायचा मोह झाला होता. कापला नाही, बोटानं सरळ करून तसाच ठेवला. तिथं आवाज खालीवर होतो, पण शब्द कळतात.

कवच चिकटवलेलं होतं म्हणून कडेला ब्लेड घालून उघडावं लागलं, ते परत बसत नाही. स्क्रूवाली रिकामी कवचं १० नग ४०० ला घेऊन ठेवली होती, आतली दोन्ही चाकं उचलून त्यात बसवली. उघडायच्या आधी टेप कुठल्या खुंटीवरून कशी जाते त्याचा फोटो काढा.

तीन कॅसेटमध्ये टेपच्या मागं जो छोटा फेल्टचा तुकडा असतो, पट्टीच्या स्प्रिंगवर, तो गळून पडलेला. तो नसला तर टेप हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज लांबून आल्यासारखा येतो. तीच नवी कवचं तिथंही उपयोगी पडली.

२८ जून, शनिवार

गेल्या आठवड्यात रोज रात्री एकेक करून आठ बाजू लॅपटॉपवर घेतल्या आणि आज त्या सगळ्या रद्द केल्या. तीन चुका एकदम.

एक, डेकमधून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली होती. ते भोक माइकसाठी असतं, ते आवाज आपोआप वर-खाली करतं. त्यामुळं बाई गायला लागली की सगळं दाबलं जायचं आणि ती थांबली की मागचा आवाज एकदम अंगावर यायचा.

दोन, डेकवर डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करायचं, बटण चालू राहिलं होतं. काकांच्या साध्या रेकॉर्डरला डॉल्बी नव्हतंच, त्यामुळं माझ्याकडं सगळं गोणपाटातून आल्यासारखं ऐकू येत होतं आणि मी समजत होते की टेपच खराब आहे.

तीन, एमपीथ्री केलं होतं. मूळ प्रत कायम वॅवमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलमध्ये ठेवायची, एमपीथ्री नंतर कधीही करता येते, उलटं करता येत नाही.

आता सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज डिजिटल करून लॅपटॉपला देणारा डबा घेतलाय, ७,२०० ला, डेकच्या लाइन आउटमधून त्यात आणि तिथून यूएसबीनं लॅपटॉपमध्ये. ऑडॅसिटी नावाचं आवाजाचं सॉफ्टवेअर वापरते, ते फुकट आहे. रेकॉर्डिंगची सेटिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. याला मिनिटाला साधारण ३४.५ एमबी लागतात, अख्ख्या पेटीला ४५ जीबीच्या आतच. आजकाल फोनमध्ये याहून जास्त लग्नाचे व्हिडिओ असतात, त्यामुळं जागा वाचवायचा विचार करू नका.

लेव्हल कमीच ठेवते. सगळ्यात मोठा आवाज येतो तेव्हा स्क्रीनवरचा मीटर लाल व्हायला नको. लाल झालेला आवाज फाटतो आणि तो परत मिळत नाही, बारीक आवाज नंतर वाढवता येतो. आणि चार्जर काढून बॅटरीवर करते, चार्जर लावला की मागं एक गुंऽऽ असा सूर येत होता, काढला की गेला.

५ जुलै, शनिवार

हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. त्यानं हेड किंचित तिरकं होतं. कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याचं हेड आणि आपल्या मशीनचं हेड एकाच कोनात नसेल तर बारीक आवाज सगळे मरतात. म्हणजे प्रत्येक कॅसेटला, कधी कधी प्रत्येक बाजूला, स्क्रू फिरवून कानानं जुळवायचं. पाव आट्याच्या आतच फिरवते.

पण जुळलं हे कशावरून ओळखायचं? बोलण्यातला 'स' आणि 'श' ऐका असं सांगतात. मला त्याहून सोपी खूण सापडली, बांगड्या. दळताना बाईचा हात खुंट्यावर असतो आणि प्रत्येक फेऱ्याला बांगड्या किणकिणतात. स्क्रू फिरवताना ज्या जागी बांगड्या सगळ्यात स्वच्छ ऐकू येतात तीच जागा. काकांचा रेकॉर्डर मोनो होता म्हणून ऐकताना डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनोत ऐकायचं, त्यात फरक लगेच कळतो.

आज ४ नंबरही घेतली. तीच, पिक्चरच्या गाण्यांची. बंद करणार होते पण म्हटलं बाजू संपेपर्यंत राहू दे, मी पोळ्या करत होते. बावीसाव्या मिनिटाला गाणं मध्येच तुटलं, खट्ट झालं, आणि जातं सुरू. आजी. ओवी अर्ध्यातून सुरू होते, पहिला चरण गेलाय. पुढची सात मिनिटं आहेत.

तवा तसाच राहिला. आई आणि मी दोघी ऐकत उभ्या. मी आजीला पाहिलंय ती खूप म्हातारी झाल्यावर, तेव्हा तिला बोलायलाही धाप लागायची. हा आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता.

म्हणून सांगते, वरचं लेबल बघून कुठलीही कॅसेट बाजूला टाकू नका. आणि गाण्यांची ती बावीस मिनिटंसुद्धा कापू नका, कॅसेट आहे तशी पूर्ण ठेवा, तुकडे करायचे ते कॉपीवर.

१२ जुलै, शनिवार

पावसाची हवा आणि बुरशी. पाच कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरे ठिपके दिसतायत. हे जूनमध्ये नव्हते किंवा मी बघितले नाहीत. पेटी खाटेखाली भिंतीला लागून ठेवली होती आणि ती भिंत ओल धरते, माझाच निष्काळजीपणा.

बुरशीवाल्या कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालायच्या नाहीत, कारण एक घातली की पुढच्या सगळ्यांना लागण. इथं तो १,२०० चा डेक कामाला आला. नवा बेल्ट, नवा रोलर टाकून तो फक्त टेप इकडून तिकडं फिरवायला ठेवलाय. आधी कॅसेट झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस, मग गॅलरीत बसून, मास्क लावून, मऊ चामड्याच्या कापडाचा तुकडा टेपला अगदी हलकेच टेकवून संपूर्ण टेप सावकाश फिरवायची. कापड पांढरं-करडं होतं, बदलत राहायचं. एका कॅसेटला चाळीस मिनिटं. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे, रबराला मात्र अल्कोहोल नाही, रबर कोरडं पडतं, ते ओल्या फडक्यानं.

हेअर ड्रायरनं वाळव असं एकानं सुचवलं होतं. अजिबात नको, टेप वाकडी होईल.

पाचपैकी चार स्वच्छ आल्या. एकीत शेवटची तीन मिनिटं आवाज सारखा जातो-येतो.

२० जुलै, रविवार

या नोंदीतला सगळ्यात मोठा वाया गेलेला वेळ हा. साधारण ३० तास.

सगळ्या फाइल ऐकताना वाटलं की मागं जात्याची घरघर फार आहे, शब्द दबतात. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे, त्यात नुसत्या घरघरीचा तुकडा निवडून द्यायचा आणि मग ते संपूर्ण फाइलमधून तो आवाज काढतं. काढला. एकदम स्वच्छ झालं, म्हणजे मला तरी तसं वाटलं. आवाज जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होत होता पण शब्द कळत होते. मी फार खुशीत होते. रोज दोन-तीन बाजू अशा करत अकरा कॅसेट साफ केल्या आणि पेन ड्राइव्हवर घेऊन आत्याकडं न्यायच्या ठरवल्या.

मूळ फाइल ठेवल्या होत्या, एवढं एक नशीब.

२७ जुलै, रविवार

पौडला आत्याकडं. आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे, कान चांगले आहेत. ब्लूटूथ स्पीकर मध्ये ठेवला आणि लावलं. आत्या थोडा वेळ ऐकत बसली, मग म्हणाली, "ही नुसती बसून म्हणतीय का गं? दळत न्हाई?"

म्हटलं, दळतेय आत्या, मी जात्याचा आवाज काढून टाकला, शब्द नीट ऐकू यावेत म्हणून.

"अगं मग ती मधीच का थांबतीय ते कसं कळायचं? वैरण घालतीय ती."

खरंच. जिथं जिथं ओवी थांबते तिथं बाई हातानं जात्याच्या तोंडात दाण्यांची मूठ, म्हणजे वैरण, घालत असते, मग जातं जड होतं, घरघर बदलते, आणि पुढचा चरण त्या जडपणावर येतो. घरघर काढली तर ती थांबणं म्हणजे विसरल्यासारखं वाटतं. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर आहे आणि मी फेराच काढून टाकला होता.

मूळ फाइल फोनवर होती ती लावली. आत्याच्या चेहऱ्यावरनं लगेच कळलं. घरघर ऐकून ती सांगायला लागली की हे नाचणी दळतायत, हे तांदूळ, इथं दाणे संपले बघ, दगडावर दगड चाललाय. एका ठिकाणी म्हणाली हे आमचं जातं नव्हेच, हे वरच्या आळीतलं मोठं जातं, दोघींनी ओढायचं, आणि खरंच नीट ऐकलं तर तिथं दोन बायकांच्या बांगड्या आहेत, एक ओवी धरते आणि दुसरी उचलते. काकांनी कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नाही. हे सगळं त्या आवाजात होतं आणि मी तो पुसून स्वच्छ म्हणत होते.

घरी येऊन अकराच्या अकरा साफ केलेल्या फाइल डिलीट केल्या. ज्याला शब्द उतरवायला हवं असेल त्यानं आपल्या कॉपीवर काय करायचं ते करावं, पण जी प्रत जपून ठेवायची तिला हात लावू नका. मी आता सुरुवातीची आणि शेवटची रिकामी खरखर सुद्धा तशीच ठेवते.

३ ऑगस्ट, रविवार

त्याच भेटीतली दुसरी गोष्ट. १३ नंबरवर काकांनी आत्याचंच नाव लिहिलंय आणि आत्या म्हणाली हा माझा गळा नव्हे, मी एवढी बारीक कधीच गायले नाही.

मला आधी वाटलं काकांची चूक. मग लक्षात आलं की काका रेकॉर्डर सेलवर चालवायचे. सेल उतरले की मोटर हळू फिरते, हळू भरलेली टेप आज बरोबर वेगानं वाजवली की आवाज जलद आणि वरच्या सुरात येतो. वाजवायची पेटी (हार्मोनियम) काढून सूर धरून बघितला. बाजूच्या सुरुवातीला सूर काळी एकच्या आसपास आणि शेवटाला पांढरी दोनला, म्हणजे साधारण ६ टक्के चढलाय. गाणारी व्यक्ती स्वतःही चढू शकते, पण इथं जात्याचा आवाजही बरोबरीनं बारीक होत जातो, त्यामुळं मशीनच.

आधी माझा डेक बरोबर वेगानं फिरतो का ते बघायला हवं होतं. ३१५० हर्ट्झचा टोन भरलेली टेस्ट कॅसेट दुरुस्तीवाल्याकडं होती, त्यानं दहा मिनिटांसाठी दिली. मोटरच्या मागं भोकात एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून डेक जुळवला. तो आधी दीड टक्का जलद होता. म्हणजे त्याआधी घेतलेल्या २२ बाजू थोड्या चुकीच्या. दीड टक्का सॉफ्टवेअरमध्ये कमी करता आला असता, पण बांगड्यांचा स्क्रूही पहिल्या काही कॅसेटला मी नीट जुळवला नव्हता, म्हणून परत घेतल्या. आणखी दोन आठवडे.

१३ नंबरची मूळ प्रत तशीच ठेवली आणि वेग उतरवत नेलेली दुसरी प्रत वेगळी केली, फाइलच्या नावातच 'वेग दुरुस्त' लिहिलंय. ती आत्याला फोनवर ऐकवली. "हां, आता मी."

१६ ऑगस्ट, शनिवार

यादी. कंटाळवाणं आहे पण यादी नसली तर ४५ जीबी घरघरच आहे.

यादी कशी करायची ते बघायला जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह बघितला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातूनच सुरू केलेलं ते काम, १ लाखाहून जास्त ओव्या, आता परीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. ते बघून मी माझे रकाने बदलले. आधी माझे रकाने होते कॅसेट, बाजू, मिनिट, विषय. आता त्यात गाणारी, तिचं माहेर, सासर, मागून उचलणारी, कुठलं जातं, काय दळतायत आणि हे कुणी ओळखलं असे रकाने आहेत. माहेर का, तर ओव्यांमध्ये भाऊ, माहेरची वाट, तिथली शेतं सारखी येतात आणि माहेर माहीत नसेल तर ओवीतलं गाव कळत नाही. एका ओवीत पाण्याखाली गेलेल्या शिवाराचा उल्लेख आहे, गाणारीचं माहेर धरणाकाठचं आहे हे कळल्यावर तो लागला. मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह १९२१ ते १९२४ चा, सेनापती बापटांचा, म्हणजे ही ओवी बहुतेक तिच्या आईची किंवा आजीची असणार.

एक तांत्रिक अडचण जिच्यात संध्याकाळ गेली. यादीत 'दळणाऱ्या' शोधलं की अर्ध्याच ओळी सापडायच्या. ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसतो सारखाच पण आत वेगळा साठवला जातो, एक 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून आणि दुसरा साध्या 'र' ला हलंत देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालून. माझ्या फोनवरचा कीबोर्ड एक वापरतो आणि लॅपटॉपवरचा दुसरा. सगळीकडं एकच करून घेतलं. दोन जण मिळून टाइप करणार असाल तर हे पहिल्या दिवशी ठरवा.

फाइलच्या नावात मात्र फक्त नंबर ठेवलेत, कॅसेट नंबर आणि बाजू. बाकी सगळं यादीत.

२४ ऑगस्ट, रविवार

शब्द आपोआप उतरवून मिळतील का म्हणून मराठी चालणारं एक फुकट एआय मॉडेल वापरून बघितलं. काका मध्ये मध्ये तारीख आणि नाव बोलतात ते बऱ्यापैकी बरोबर आलं. ओव्या नाही. गाण्यात लांबवलेले स्वर, मावळी-मुळशीकडची बोली आणि जातं, तिन्ही एकत्र आल्यावर त्यानं जे लिहिलं ते मराठी वाक्यासारखं दिसतं पण बाईनं म्हटलेलंच नाही. नुसत्या घरघरीतही त्यानं दोन वाक्यं लिहिली होती. हे धोक्याचं वाटतं मला, कारण चाळीस वर्षांनी कुणी ते वाचलं तर खरंच समजेल. सगळं पुसलं. हातानं उतरवतेय, एका तासाला साधारण सात-आठ मिनिटं होतात, अडलं की आत्याला फोन.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काहीच झालं नाही. विसर्जनानंतर परत पौड आणि तिथून गावात.

हे सगळं इंटरनेटवर टाकायचं माझ्या डोक्यात होतं. आत्या म्हणाली आधी विचार. ज्या बायका गायल्यात त्यातल्या आत्या धरून तिघी आहेत, बाकीच्यांची मुलं-सुना आहेत. दहा घरी गेलो. सगळीकडं स्पीकर लावून त्यांच्याच माणसाचा आवाज ऐकवला, मग विचारलं. एका घरी सून म्हणाली सासूबाईंचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडं, आणि आवाज संपेपर्यंत तिनं स्पीकर हातातच धरून ठेवला होता.

आठ घरांनी हो म्हटलं. एका घरानं नको म्हटलं, कारण नाही विचारलं, त्या फाइल बाहेर जाणार नाहीत. आणि एका आजींनी सांगितलं की बाकी सगळं ऐकव, पण ही जी सासुरवासाची ओवी आहे तिच्यात घराचं नाव आहे, ती त्या वेळी जात्यापुरती होती, समोर पुरुषमाणूस नव्हतं, मास्तर टेप ठेवून बाहेर गेले होते म्हणून म्हटली. अशा सहा जागा निघाल्या. यादीत 'बंद' असा रकाना वाढवला. नावंही म्हणूनच इथं कुठं देत नाहीये.

हे विचारणं शेवटी केलं ही माझी चूक, पहिल्या महिन्यातच जायला हवं होतं. जूनमध्ये ज्यांच्याकडून होकार आणि आठवणी दोन्ही मिळाल्या असत्या अशा एक काकू ऑगस्टमध्ये गेल्या. आम्हाला कळलंही नव्हतं. पेटी उघडली त्या दिवशी त्या होत्या.

तेव्हा डेक, बेल्ट, स्क्रू हे सगळं थांबू शकतं, टेप अजून दोन-चार वर्षं तग धरेल. आधी फोन घेऊन माणसांकडं जा, साधी प्रत ऐकवा, कोण आहे ते लिहून घ्या.

२१ सप्टेंबर, रविवार

खर्च विचारला जातो म्हणून: पहिला डेक १,२००, दुसरा ३,५००, बेल्ट १५०, रोलर ३००, स्प्लायसिंग टेप ४५०, कवचं ४००, अल्कोहोल १८०, इंटरफेस ७,२००, हार्ड डिस्क दोन ९,२००, पेट्रोल साधारण १,४००. एकूण २३,९८०. पहिला डेक सोडला तरी चालेल, पण बुरशी असेल तर एक फिरवायचा डेक लागतोच. वेळ २०० तासांच्या पुढं गेला असेल, त्यातले निदान ७० परत परत करण्यात.

एक हार्ड डिस्क माझ्याकडं, दुसरी आत्याच्या मुलाकडं पौडला, तिसरी प्रत क्लाउडवर. कॉपी केल्यावर प्रत्येक फाइलचं चेकसम, म्हणजे फाइलवरून निघणारा पडताळणीचा आकडा, दोन्हीकडं जुळवून बघितलं, एक फाइल पौडच्या डिस्कवर अर्धवट गेली होती ती त्यामुळं सापडली. मूळ कॅसेट आता लोखंडी कपाटात, उभ्या, सिलिका जेलसकट, ओलीच्या भिंतीपासून लांब.

१९ पैकी १८ पूर्ण. राहिली ११ नंबरची बी बाजू, आवाज स्वच्छ आहे, लेबल कोरं आहे आणि गाणारी कोण ते आत्यालाही ओळखू आलं नाही. गळा आपल्याकडचा नाही म्हणाली, जातं मात्र आपलंच, म्हणजे कुणी पाहुणी आलेली असणार. आत्याला एक नाव आठवतंय, लांबच्या नात्यातली, कोळवणला दिलेली. दसऱ्यानंतरच्या रविवारी, ५ ऑक्टोबरला, दोघी कोळवणला जाऊन विचारणार आहोत. ती बाजू पेन ड्राइव्हवर घेतलीय, घरघरीसकट.